कौशल्याची ओढ आहे. मागणी कोठे आहे?

धामणगाव रेल्वे : पदवीच्या विद्यार्थ्यांना कौशल्ये आत्मसात करण्यात रस उरलेला नाही, ही तक्रार जुनीच आहे. मात्र कापसाच्या व्यापारावर आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावर वाढलेल्या या तालुक्याच्या गावी ती पटत नाही. पोलीस भरती वा स्पर्धा परीक्षेसाठी वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्या तरुणांना निरुत्साही कसे म्हणावे? जेथे मेहनत मोजली जाते, तेथेच ते ती खर्च करतात.

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केला. त्याविरुद्ध २०२३ च्या प्रारंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत लांबणीवर पडली. मुद्देसूद लेखन तर पदवी शिक्षणातच यावयास हवे. त्यासाठी पदवीधरांना मुदत मागावी लागली, यात त्यांच्या आळसापेक्षा विद्यापीठीय परीक्षांची उणीवच अधिक दिसते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या मते स्वतः निवडण्याची मुभा, आपल्याला जमते आहे ही जाणीव आणि माणसांशी जुळलेले नाते या तिन्हींतून शिकण्याची आंतरिक प्रेरणा टिकते. २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही श्रेयांक मिळू लागले. पण येथील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो अनुभव कोण देणार? जिनिंगचा हिशेब वा बाजार समितीचा व्यवहार प्रत्यक्ष हाताळायला मिळाला, तर श्रेयांकाला अर्थ आहे. अन्यथा फाइलमध्ये आणखी एका प्रमाणपत्राची भर.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने २०२४ मध्ये पदवीधरांना दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन देऊ केले. सहा महिन्यांचा कालावधी पुढे ११ महिने झाला. प्रशिक्षणार्थींनी मात्र कायम नोकरीची मागणी लावून धरली. ती अवाजवी ठरवणे सोपे आहे. पण शिकलेले काम पुढे कोठे करायचे, याचे उत्तर योजनेत नव्हते.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. धामणगाव तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. तेथील उद्योगांना कोणते कुशल हात लागतील, हे महाविद्यालयांना आजच कळले, तर प्रथम वर्षाचा विद्यार्थी त्या दृष्टीने विषय निवडू शकेल. कारखाने सुरू झाल्यावर जाहिरात निघाली, तर तो तोवर भरतीच्या मैदानावर गेलेला असेल.