सतरा आकडी एक संख्या

गणित म्हणजे उत्तर आणि उत्तर म्हणजे गुण, असे समीकरण आपण सर्वांनी मिळून पक्के करून टाकले आहे. ते थोडे सैल करावे, असे मला वाटते. त्यासाठी एकच संख्या पुढे ठेवतो: १२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्येची अठरा स्थाने सांगितली आहेत. त्यांतले अठरावे परार्ध आणि सतरावे मध्य. आपली संख्या मध्यापर्यंत पोचते. तिच्या आकड्यांची बेरीज ८१. आणि गंमत अशी की ती १११११११११ चा, म्हणजे ओळीने नऊ वेळा लिहिलेल्या एकचा, वर्ग आहे.

विद्यार्थी मित्रहो, असे का होते? १११ गुणिले १११ वहीत मांडून पाहा. एकाखाली एक तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३, २, १. नऊ ओळी मांडल्या की मधल्या घरात नऊ जमतात. आता दहा एक घ्या. मधल्या घरात दहा होतात, हातचा घ्यावा लागतो आणि जिना मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. साध्या आठ-दहा आकडी कॅल्क्युलेटरवर हे पूर्ण दिसतच नाही. आणि दिसले तरी जिना का मोडला, ते यंत्र सांगत नाही, हातचा सांगतो.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी. डेम्लो हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. कल्पना तिथे सुचली, म्हणून नाव तेच. कापरेकर विद्यापीठात नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. ६१७४ ही त्यांची संख्या आज जगभर ओळखली जाते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले. शाळेतला फळा आणि खडू एवढ्या दूर पोचू शकतो.

म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती, की आठवड्यातून एक तास असा द्यावा, ज्यात गुण नाहीत, फक्त ‘का?’ आहे. पालक विचारतील, दहावीच्या बोर्डाचे काय? त्यांची काळजी खरी आहे. पण स्थानिक किंमत, हातचा, वर्ग, विभाज्यतेच्या कसोट्या हे सारे या एका संख्येत आहे, आणि हाच अभ्यासक्रम आहे. खर्च म्हणाल तर चौकटीच्या वहीचा.

केरीच्या मुलांनी तेरेखोलच्या फेरीबोटीची वाट पाहताना वाळूत काडीने असा जिना मांडला, तर त्यांना गणिताची भीती घालायची गरज उरणार नाही. बाकी गृहपाठ एवढाच: ही संख्या ८१ ने भागून पाहा आणि आलेले उत्तर कोणाचा वर्ग आहे ते शोधा. त्या वर्गमुळात एक आकडा गैरहजर आहे. तो कोणता, आणि का?