विमानाचा तास आणि घरचा तास



आंबा मुंबईला पाठवताना गाडी किती तास चालते एवढेच आपण धरत नाही. उतरवणी, निवड, पेटी भरणे, बाजारात उतरवणे, सगळे धरतो. मग घरचा माणूस यायचा असला की हा हिशेब का विसरतो?

९ ऑक्टोबर २०२१ रोजी परुळ्याजवळच्या चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबईचे विमान आपल्या दाराशी उतरले. मुलांचा शाळेचा नकाशा घ्या. मुंबईचा विमानतळ १९ अक्षांशाच्या किंचित वर, चिपी १६ वर. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे तिनांचे ३३३. वरचे थोडे आणि चिपी जराशी पूर्वेला असल्याचा तिरकसपणा मिळवा. सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरतात. रस्त्याने हेच अंतर पाचशेच्या घरात जाते.

त्या मार्गावरचे पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाणारे. भागाकार केला तर ४२ मिनिटे. पण तेव्हाच्या वेळापत्रकात मुंबईहून ११.३५ ला सुटून १ वाजता चिपी, म्हणजे १ तास २५ मिनिटे. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढता-उतरताना कमी वेग, आखून दिलेल्या वाटेने वळणे, हे सारे त्यात आले. नांगरटीत बांधाशी वळण्याचा वेळ धरावा लागतो, तसेच हे.

२०२२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या शेजारवाडीत सकाळी सातला एका आजोबांच्या छातीत कळ आली. डोंबिवलीच्या मुलाला फोन गेला. तो म्हणाला, "विमानाने येतो, दीड तासाचा तर प्रवास!" आजी म्हणाल्या, "झील येतलो, मगे जावया."

मुलाने एक मिनिट दवडले नाही. आठला घर सोडले, विमानही वेळेवर आले. पण विमानतळावर दोन तास आधी हजर राहावे लागते, उतरल्यावर सामान, मग गाडी, मग कर्लीच्या खाडीचा वळसा. घरी पोचला तेव्हा अडीच वाजले होते. साडेसहा तास! सुदैवाने नऊ वाजता सूनबाईंनी कोणाचे न ऐकता आजोबांना इस्पितळात नेले होते, म्हणून निभावले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होते.

तेव्हा वेळ मोजायची ती उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत. विमानांची वेळापत्रके बदलतात, मार्ग बंदही होतात. निघण्याआधी खात्री करा. रात्रीच्या कोकणकन्येने निघालेला माणूस सकाळी कुडाळला उतरतो, तेही लक्षात असू द्या. आणि आजारी माणसासाठी कोणाचीच वाट पाहू नका. आधी १०८ ला फोन करून गाडी बोलवा, मग मुलाला कळवा. मुलगा इस्पितळातही भेटतो.