पब कुणाच्या मालकीचा?

कार्ल्टन टॅव्हर्न हा लंडनच्या किलबर्न भागातला पब पहिल्या महायुद्धानंतर बांधलेला. एप्रिल २०१५ मध्ये मालक कंपनीने तो विनापरवानगी जमीनदोस्त केला, कारण तिला तिथे फ्लॅट बांधायचे होते. इमारत वारसा यादीत घेण्याचा निर्णय तोंडावर आला होता. सुदैवाने शेजारपाजारच्या लोकांनी आधीच धावपळ केली होती, त्यामुळे इमारतीच्या बारीकसारीक नोंदी झालेल्या होत्या. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने हुकूम काढला: होता तसा, विटेला वीट लावून पुन्हा बांधा. कंपनीचं अपील फेटाळलं गेलं आणि एप्रिल २०२१ मध्ये तो पब पुन्हा सुरू झाला.

दारू विकणाऱ्या एका जागेसाठी एवढा आटापिटा कशाला, असं इथे राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांपैकी अनेकांच्या मनात येईल. माझं उत्तर असं: पब ही या देशातली सर्वांत मोकळी सार्वजनिक बैठक आहे. बदलांनी ती मरत नाही; तिथे कधीही न बसणाऱ्यांच्या हाती तिची मालकी गेली की मरते. आणि ती वाचवण्याच्या कामात आपणही हात घालायला हवा.

जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या मनातल्या आदर्श पबवर लेख लिहिला. त्या काल्पनिक पबचं नाव ‘द मून अंडर वॉटर’. तिथल्या गुणांत त्याने बिअरच्याही आधी वातावरण मोजलं. गप्पा मारता येतील इतकी शांतता, गिऱ्हाइकांना नावाने ओळखणाऱ्या बारमागच्या बाया आणि घरच्या बाईला मागे राहावं लागू नये म्हणून मुलाबाळांसह बसता येईल अशी बाग, हे त्याला महत्त्वाचं वाटलं.

हे वातावरण आपोआप तयार होत नाही, पबच्या रीतीभातींमधून घडतं. जुन्या पद्धतीच्या पबमध्ये टेबलाशी वेटर येत नाही. आपणच उठून बारपाशी जायचं. तिथे रांग दिसत नाही, तरी कुणाचा नंबर आधी हे सगळ्यांना माहीत असतं, आणि कुणाला चुकून आधी विचारलं गेलं तर तोच शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. मित्रांच्या घोळक्यात प्रत्येकजण आळीपाळीने सगळ्यांसाठी राउंड आणतो, त्यामुळे हिशेब त्या संध्याकाळी मिटतोच असं नाही. पुन्हा भेटायला निमित्त उरतं. ज्या देशात आगगाडीत समोरासमोर बसलेली माणसं तासभर एक शब्द बोलत नाहीत, तिथे बारपाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी बोलणं मात्र रीतीला धरून असतं. नवख्या माणसासाठी याहून उघडा दरवाजा या समाजात मला दुसरा दिसलेला नाही.

आपल्याकडच्या गावातला पार आठवला तर हे लवकर समजेल. मात्र पारावर कुणी बसायचं हे जातीने ठरायचं, आणि पबमध्येही असाच हिशेब फार काळ चालला. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमध्ये भट्ट्यांवर राबणाऱ्या पंजाबी कामगारांना काही पबमधल्या चांगल्या खोल्यांत बसू दिलं जात नसे. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल यांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांना तिथल्या ‘ब्लू गेट्स’ पबमध्ये नेलं, आणि तिथला रंगभेद जगाला दिसला. त्याच वर्षी वंशभेदविरोधी कायदा आला आणि सार्वजनिक जागांतला असा भेद बेकायदेशीर ठरला. आज स्मेथिक, वेस्ट ब्रॉमविच परिसरात पंजाबी मालकांचे ‘देसी पब’ आहेत. तिथे तंदूरवरची मिक्स्ड ग्रिल आणि बिअर एकाच टेबलावर येते, आणि गोरे-सावळे सगळेच फुटबॉल पाहतात.

स्त्रियांचंही तसंच. फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘एल व्हिनो’ या मद्यगृहात स्त्रियांना बारपाशी उभं राहून काही मागवता येत नसे. १९८२ साली दोघींनी कोर्टात दाद मागून ती प्रथा मोडली. बदल तिथेच थांबले नाहीत. लंडनमधल्या फॅरिंग्डन इथल्या ‘द ईगल’ने १९९१ मध्ये पबमध्येच उत्तम जेवण द्यायला सुरुवात केली. १ जुलै २००७ पासून इंग्लंडच्या पबमधला धूर कायद्याने गेला. प्रत्येक वेळी ‘आता खरा पब संपला’ अशी ओरड झाली. माझ्या मते प्रत्येक वेळी दार थोडं अधिक उघडलं. म्हणून, बदलामुळे पब बिघडला म्हणून हळहळणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्या जुन्या पबमध्ये माझ्यासारख्याला जागा नव्हती.

मग पब बंद का पडतात? २००० साली देशात ६०,००० हून अधिक पब होते; आता ४५,००० च्या आसपास उरले आहेत. महागाई, वीजबिलं, कर ही कारणं आहेतच, पण मुळाशी मालकी आहे. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या बिअर उत्पादकांची मक्तेदारी मोडायला नियम केले: २,००० हून जास्त पब असणाऱ्यांना अनेक पब आपलीच बिअर घेण्याच्या बंधनातून मोकळे करावे लागले. हेतू चांगला होता. पण त्यातले हजारो पब नव्या कंपन्यांनी कर्ज काढून विकत घेतले. पब चालवणाऱ्याने भाडंही द्यायचं आणि बिअरही कंपनीकडूनच, बाजारापेक्षा चढ्या भावात घ्यायची, ही जुनी पद्धत त्यांनी चालू ठेवली. त्यात जमिनीचे भाव वाढले आणि चालत्या पबपेक्षा बंद पब जास्त मोलाचा झाला. इकडे चालत्या पबमध्ये मात्र पिंपात जिवंत असलेली कास्क एल ही बिअर उघडल्यावर साधारण तीन दिवसांत संपवावी लागते. तळघरात तिची निगा राखणारा माणूस बारा तास राबत असतो, आणि त्याच्या कष्टांचा नफा दूरच्या ताळेबंदात जातो.

दारूचं काय, हा प्रश्न रास्त आहे. दारूने मोडलेले संसार आपण इथेही पाहिले आहेत आणि तिकडेही. पण पब बंद झाल्याने दारू थांबत नाही. आज देशातली निम्म्याहून अधिक बिअर पबबाहेर, दुकानांतून विकली जाते आणि घरी, कुणाची नजर नसताना प्यायली जाते. पबमध्ये मात्र झिंगलेल्या माणसाला आणखी दारू देणं कायद्याने गुन्हा आहे. शिवाय चार ओळखीची माणसं ‘आता पुरे’ म्हणायला असतात. न पिणाऱ्याने लिंबूसोडा किंवा चहा मागवला तर कुणी भुवया उंचावत नाही. मी दारूची बाजू घेत नाही, माणसं भेटण्याच्या जागेची घेतो आहे.

मालकी बदलता येते, हे लोकांनी दाखवलं आहे. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावचा ‘ओल्ड क्राउन’ २००३ मध्ये शंभराहून अधिक लोकांनी भागभांडवल घालून सहकारी तत्त्वावर घेतला. सहकाराची ओळख आपल्याला नव्याने करून द्यायला नको. २०११ च्या कायद्याने समाजाच्या दृष्टीने मोलाची जागा कौन्सिलच्या यादीत नोंदवण्याची सोय झाली. अशी जागा विकायला निघाली आणि स्थानिक गटाने बोली लावायची इच्छा दाखवली, तर त्याला पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. लंडनच्या ननहेडमधला ‘आयव्ही हाउस’ याच मार्गाने २०१३ मध्ये लोकांच्या मालकीचा झाला. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुकान करायलाही नियोजन परवानगी लागते.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभं आहे. आपल्या माणसांना बसायला हक्काची जागा लागते, हे पहिल्या पिढीने ओळखलं होतं. मात्र आपली जागा जपताना शेजाऱ्यांबरोबर बसायची जागा आपण इतरांवर सोडून दिली. ती आता आपलीही जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये एखादा पब कौन्सिलच्या त्या यादीत घालण्यासाठी अर्ज करायला मतदारयादीत नाव असलेले २१ स्थानिक रहिवासी पुरतात, आणि राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांनाही मतदारयादीत नाव घालता येतं. आपल्या कोजागिरीला यापेक्षा जास्त माणसं जमतात. तेव्हा आपल्या भागातला पब कुणाच्या मालकीचा आहे हे या महिन्यात शोधा, कौन्सिलच्या यादीत तो आहे का पाहा, आणि नसेल तर शेजाऱ्यांना बरोबर घेऊन अर्ज करा.