काळ्या खिडकीला घाबरू नका

आमच्या शेजारच्या काकांनी गेल्या महिन्यात एक वापरलेला लॅपटॉप घेतला. ‘आठ जीबी रॅम, विंडोज 11’ असं सांगून विकणाऱ्याने रोख पैसे घेतले. चौथ्या दिवशी काका लॅपटॉप घेऊन दारात. "बघ रे, फार अडकतोय."

मी स्टार्टवर क्लिक केलं, सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप केली, एंटर मारलं. काळी खिडकी उघडली तसे काका दचकले. "अरे, काही उडवू नकोस हं त्यातलं!" ही भीती मी घराघरांत बघतो, म्हणून आधी तेच सांगतो. आता जी कमांड सांगणार आहे ती फक्त वाचून दाखवते. ती काही पुसत नाही, की बदलत नाही.

कमांड आहे सिस्टमइन्फो. एस-वाय-एस-टी-ई-एम-आय-एन-एफ-ओ, मध्ये जागा सोडायची नाही. एंटर मारलं की काही सेकंद थांबा, मशीन स्वतःबद्दल सगळं सांगतं. काकांच्या लॅपटॉपने सांगितलं : रॅम चार जीबी, विंडोज 10.

इथे एका ओळीवर बरेच जण फसतात. विंडोज 11 असलं तरी ‘ओएस व्हर्जन’पुढे आकडा 10.0 नेच सुरू होतो. तो बघून ‘आपलं जुनंच आहे’ असं समजू नका आणि कुणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका. वरची ‘ओएस नेम’ची ओळ वाचा, मग बिल्ड नंबर बघा. बिल्ड 22000 किंवा त्यापुढचा असेल तर घरच्या मशीनवर विंडोज 11 आहे. 19045 असेल तर विंडोज 10 ची शेवटची आवृत्ती. रॅम मात्र आठ जीबीला थोडी कमीच दिसते, काही भाग मशीन स्वतःसाठी राखून ठेवतं. तेवढ्यावरून विकणाऱ्याशी भांडू नका. निम्मी दिसली तर जरूर भांडा.

आवृत्ती माहीत असणं एवढं महत्त्वाचं का? विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नाव नोंदवून घेतलेली मुदतवाढ सोडली, तर सुरक्षेतली नवी भोकं आता बुजवली जात नाहीत. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ब्रिटनमधली रुग्णालयं अडवून धरली, तेव्हा त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्या मशीनवर तो चढला नव्हता, ती सापडली. तुमच्या मशीनवर बँकेचे व्यवहार होत असतील तर हे आजच तपासा.

आणखी एक ओळ बघा, ‘सिस्टम बूट टाइम’. रोज बंद करत असूनही तिथे तीन आठवड्यांपूर्वीची तारीख दिसू शकते. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउनमध्ये विंडोज पुरतं बंद होत नाही. रीस्टार्टमध्ये होतं. मशीन अडकत असेल तर दुरुस्तीला नेण्याआधी एकदा रीस्टार्ट करा.

जुनं मशीन घेताना ही कमांड पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या समोर चालवा. आलेली माहिती वहीत उतरवून ठेवा, पण स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. त्यात मालकाचं नाव, प्रॉडक्ट आयडी, नेटवर्कचा पत्ता असं सगळं असतं.

आणि कुणी अनोळखी माणूस फोनवर ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, मी सांगतो ते टाइप करा’ म्हणाला, तर एक अक्षरही टाइप करू नका. मायक्रोसॉफ्ट असे फोन आपणहून करत नाही. फोन ठेवून द्या. पैसे गेले असतील तर त्याच घडीला 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.