खातेदार तोच आहे ना?

दिवाळीच्या सुटीत नातू पुण्याहून आला तो ‘कॅप्टन अमेरिका’च्या अगदी सुरुवातीच्या अंकांचं जाडजूड पुस्तक घेऊन. मी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर पोसलेला माणूस. त्याच्याआधी मीच ते वाचून काढलं!

पहिल्या अंकावर तारीख आहे मार्च १९४१ची आणि मुखपृष्ठावर हा कॅप्टन चक्क हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी सरकारच्या आधी आपली बाजू ठरवली होती. या धैर्याला दाद द्यायलाच हवी. युद्धकाळातल्या पुढच्या अंकांत जपानी माणसं मात्र इतकी विद्रूप रंगवली आहेत, की नातवाला ती पानं मी शेजारी बसूनच दाखवली.

युद्ध संपलं, खप घसरला, कॅप्टन बंद पडला. १९५३ मध्ये कम्युनिस्टांना बडवण्यासाठी त्याला परत आणलं, ते काही चाललं नाही. १९६४ मध्ये तो पुन्हा अवतरला. म्हणे, युद्धाच्या अखेरीपासून बर्फात गोठून पडला होता! मग १९५३ मधला तो कोण? १९७२ मध्ये लेखकांनी उत्तर दिलं : तो तोतया होता.

मला हसू आलं. बँकेत वर्षानुवर्षं व्यवहार न झालेलं, डॉरमंट पडलेलं खातं पुन्हा सुरू करताना आम्ही आधी एकच पाहायचो, खातेदार तोच आहे ना?

दुसऱ्या दिवशी नातवाला भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकात घेऊन गेलो. हाही त्याच महायुद्धाच्या काळातला नायक, पण आपल्या सोलापूरचा. त्याचंही खातं आपण सोयीनं उघडतो आणि मिटतो. १९४६ मध्ये शांतारामबापूंनी चित्रपट काढला. १९६२ मध्ये चीनवरून मन विटलं. १९९३ मध्ये आपण टपाल तिकीट काढलं. मैत्रीची भाषणं सुरू झाली की कोटणीस आठवतात, सीमेवर तणाव वाढला की तेच नाव जड होतं.

पण खातेदार कोण होता? जपानी आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, त्यांतला एक. बाकीचे चौघे परतले, हा जखमी सैनिकांजवळ राहिला. तिथेच बेथून रुग्णालयाचा प्रमुख झाला, क्वो छिंगलान या सहकारी परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यानं गेला, तेव्हा ते मूल तान्हं होतं.

‘‘आजोबा, यांची पॉवर काय होती?’’ नातवानं विचारलं.

‘‘पॉवर कसली? डॉक्टर होते. माणसं जखमी होती, म्हणून थांबले.’’

कागदावरच्या नायकाला बर्फातून काढता येतं. आपल्या नायकाला परत आणायचा मार्ग एकच, तो जसा होता तसा मुलांना सांगणं. शाळांनी मुलांना या स्मारकात जरूर न्यावं. जयंती-पुण्यतिथीला तर न्यावंच, पण एखाद्या साध्या शनिवारीही, जेव्हा भाषण करायला तिथे कोणी नसेल.