गाबोळीचा हिशेब

पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका होडीला 2021 मध्ये, पावसाळी बंदी उठल्यावर, एकाच खेपेत दीडशेहून अधिक घोळ मासे मिळाले. लिलावात त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये झाले. वाहिन्यांनी त्या मच्छीमाराला रातोरात कोट्यधीश ठरवले आणि देशभर कौतुक झाले. त्याने ना कायदा मोडला ना कुणाच्या तोंडचा घास पळवला. समुद्र रिकाम्या हाताने परत पाठवतो ते दिवस मोजले तर अशी एक खेप त्याच्या हक्काचीच म्हणायला हवी. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. एवढे मोठे घोळ एका जागी जमतात कशासाठी?

घोळ ज्या कुळातला आहे, त्या कुळातले मासे विणीच्या काळात थव्याने एकत्र येतात. नर पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून घुमणारा आवाज काढतात आणि माद्या त्या आवाजाच्या रोखाने येतात. हीच पिशवी म्हणजे भोत. पूर्व आशियाच्या बाजारात तिला सोन्याचा भाव आहे. मासा जेवढा मोठा, तेवढी भोत मोठी आणि किलोमागचा दरही चढा. म्हणजे ज्या अवयवाने तो जोडीदाराला हाक घालतो त्याच अवयवासाठी तो विकला जातो, आणि पैसा नेमका थोराड, विणीच्या माशाच्या मागे लागतो.

मासळी आटल्याची चर्चा आपल्याकडे टनांत होते, नाहीतर रुपयांत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये महाराष्ट्राचे सागरी उत्पादन 2.01 लाख टनांवर आले, पंचेचाळीस वर्षांतले सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनी होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्या होत्या, हे खरे. पुढे आकडा थोडा सावरला की मंत्र्यांपासून दलालांपर्यंत सगळेच सुस्कारा सोडतात. टनांच्या आकड्यात मात्र किती माद्या होत्या, त्या किती वयाच्या होत्या, एकदा तरी व्याल्या होत्या का, हे कधीच दिसत नाही. पाच टन कोवळे पापलेट आणि पाच टन पोक्त पापलेट वहीत सारखेच उमटतात.

या बेफिकिरीमागे एक जुना भरवसा आहे. मासे कमी झाले की उरलेल्यांना खाणे जास्त मिळते, ते झपाट्याने वाढतात, भरपूर अंडी घालतात आणि तूट भरून निघते. हा भरवसा अगदी खोटा नाही. काही मर्यादेपर्यंत निसर्ग असे करतोच, आणि मत्स्यविज्ञानाने आपली गणिते बराच काळ त्यावरच बेतली. पण संख्या फार खाली गेली की हे चाक उलटे फिरू लागते. वॉर्डर क्लाइड अ‍ॅली या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात दाखवून दिले की काही प्राण्यांना गर्दीपेक्षा विरळपणा अधिक मारक ठरतो. समुद्री माशांच्या बाबतीत कारण उघड आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचे फलन अंगाबाहेर, पाण्यात होते. मादी अंडी सोडते, नर शुक्र सोडतो आणि दोन्हींची काही क्षणांत गाठ पडावी लागते. भोवती नरच नसले, किंवा एखाद-दुसराच असला, तर लाखो अंडी तशीच पाण्याला मिळतात.

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची कथा मत्स्यखात्याच्या प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असली पाहिजे. 1968 मध्ये या कॉडची पकड आठ लाख टनांच्या घरात होती. 2 जुलै 1992 रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांना मासेमारीच बंद करावी लागली आणि तीस हजारांच्या आसपास माणसांचे काम गेले. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. मधल्या किरकोळ सवलती सोडल्या तर ती अधिकृतपणे उठली 2024 मध्ये, तीही 18 हजार टनांच्या मर्यादेवर. पाणी थंड झाले, खाद्य घटले, अशी बरीच कारणे सांगितली जातात आणि त्यांत तथ्यही आहे. पण विणीची घडीही विस्कटली होती. साठा कोसळण्याच्या आधीच्या वर्षांत हे कॉड कमी वयात आणि लहान आकारात वयात येऊ लागले होते, असे 2004 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवले. मोठे होईपर्यंत थांबणारा मासा जाळ्यात सापडे. लवकर उरकून घेणारा आपला वंश मागे ठेवी. अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली की मासाच बदलतो. लहान मादीची अंडी थोडी असतात, आणि पहिल्यांदाच विणाऱ्या कॉडच्या मादीची अंडी फुटण्याचे प्रमाणही कमी असते.

मोठ्या मादीचे मोल किती, याचा एक आकडा तर डोळे उघडणारा आहे. तीस किलोची एक कॉड मादी दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते, असे 2018 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील अभ्यासात निघाले. या अठ्ठावीस जणींचे एकूण वजन भरते छपन्न किलो! म्हणजे टनांच्या हिशेबात ज्या जवळपास दुप्पट भरतात, त्या विणीच्या हिशेबात मागे पडतात. थोराड माद्या उचलणे म्हणजे व्याजावर न थांबता मुद्दलाला हात घालणे आहे.

हेकरूच्या जातींचे दुखणे आणखी वेगळे. यांतले बरेच मासे मादी म्हणून आयुष्य सुरू करतात आणि वाढल्यावर नर होतात. मोठेच मासे पकडले तर नरच संपतात. मेक्सिकोच्या आखातातील अशा एका जातीत 1970 च्या दशकात शंभरात सतरा नर असत. पुढे ते एक-दोनावर आले. माद्या भरपूर, पण फलन कोण करणार?

आणि विणीची जागा तरी नव्या माशाला कशी कळते? नॉर्वेच्या हेरिंगमध्ये तरुण मासे थोरांच्या मागोमाग जाऊन ती शिकतात. थोर मासे जाळ्यांत गेले, नवी भरघोस पिढी आली तेव्हा वाट दाखवायला पुरेसे कुणी उरले नाही, आणि थव्याने विणीची जागा सुमारे आठशे किलोमीटर उत्तरेला हलवली. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन वाचून आमच्या कोळीवाड्यांतल्या जुन्या तांडेलांना आश्चर्य वाटणार नाही. जाणती पिढी गेली की वाटा बुजतात, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान 2023 मध्ये दिला. त्याच वर्षी विविध जातींसाठी किमान कायदेशीर आकारही अधिसूचित केला. दोन्ही निर्णय चांगले. पण सातपाटीच्या लिलावात पापलेटचा आकार घसरल्याची तक्रार आजची नाही, आणि पापलेटची पिल्ले डोल जाळ्यांत अडकतात हेही सर्वांना ठाऊक आहे. सातपाटी-डहाणूकडचे आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार कवींवरून, म्हणजे समुद्रात डोल जाळी लावण्याच्या जागांवरून, वर्षानुवर्षे भांडत आहेत. सरकार मध्यस्थीच्या बैठका घेते आणि पिल्ले तिकडे जाळ्यांत जातच राहतात. ट्रॉलर आणि पर्ससीनला दोष देणे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी योग्यही. पारंपरिक जाळ्यांचा वाटा मात्र बोलून दाखवायला कुणीच धजत नाही, कारण तिथे मते आहेत.

1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची बंदी विणीसाठी आहे असे आपण धरून चालतो. तिचा फायदा आहेच. पण सगळ्या जातींच्या माद्या सरकारी परिपत्रक वाचून याच दोन महिन्यांत वीत नाहीत. किमान आकाराचा नियम तर फक्त कोवळ्या माशाला वाचवतो, म्हाताऱ्या मादीला नाही. शिवाय तो नियम होडीवर तपासायचा म्हटले तर सुमारे 878 किलोमीटरच्या किनाऱ्याला गस्ती नौका आणि माणसे पुरणार कुठून? तपासणी खरेदीच्या ठिकाणी व्हावी: बर्फाच्या कारखान्यात, निर्यातदाराच्या शीतगृहात, मत्स्यचूर्णाच्या गिरणीत. कोवळी मासळी घेणाराच उरला नाही, तर ती पकडण्यात कुणाला रस राहणार नाही.

गिऱ्हाईकही काही कमी नाही. बाजारात कोळणीने माशाचे पोट दाबून दाखवले आणि आत केशरी गाबोळी गच्च भरलेली दिसली की आपण दोन पैसे जास्त मोजतो, आणि घरी रव्यात घोळवून ती तव्यावर टाकतो. खाऊ नका असे म्हणण्याचा ढोंगीपणा आम्ही करणार नाही. पण गाबोळीच्या मासळीला जादा भाव देणारा बाजारच विणीच्या मादीमागे जाळे लावतो, एवढे तरी कबूल करावे.

सरकारला करता येईल असे बरेच आहे. बंदरावर वजनासोबत लांबी, लिंग आणि गाबोळीची अवस्था यांची नोंद संशोधक नमुन्यादाखल घेतात. परवाने आणि बंदीचे दिवस त्या नोंदींवर ठरले पाहिजेत. भोतीच्या व्यापाराची नोंदणी सक्तीची करावी, म्हणजे किती घोळ आणि केवढे घोळ किनाऱ्याला लागतात ते कळेल. आणि विणीचे थवे जमण्याच्या जागा, ज्या तांडेलांना पिढीजात माहीत आहेत, त्या त्यांच्याच सल्ल्याने ठरावीक आठवड्यांपुरत्या मोकळ्या ठेवाव्यात. जागा सोडणाऱ्याचे नुकसान होणार, ते भरून द्यावे लागेल. होड्यांना जास्त फेऱ्या मारता याव्यात म्हणून डिझेलच्या परताव्यावर सरकार दरवर्षी पैसा घालतेच. त्यातला काही वाटा न मारलेल्या फेऱ्यांसाठी द्यावा. सुरुवात पालघर जिल्ह्यातल्या एकाच जागेपासून, घोळ आणि पापलेट या दोनच जातींसाठी, आणि तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या देखरेखीखाली करून पाहावी.