बरें झाल्यानंतरची जबाबदारी

ताप उतरला, खोकला थांबला आणि मनुष्य हिंडूं-फिरूं लागला, कीं तो बरा झाला असें म्हणून आपण निश्चिंत होतों. करोनाच्या बाबतींतहि असेंच झालें. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें व जगानें तो हिशेब मिटविला. परंतु मूत्रपिंडांचा हिशेब अद्यापि उघडा आहे आणि त्याकडे आपलें दुर्लक्ष होत आहे, असें आमचें मत आहे.

मुठीएवढीं हीं दोन मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात व त्यांतील दीड लिटरच्या आसपास बाहेर टाकून बाकीचा रक्तास परत देतात. प्रत्येकांत सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. एकदां नष्ट झालेली गाळणी पुन्हां उत्पन्न होत नाहीं. तिचा भार उरलेल्या निमूटपणें वाहतात. म्हणून पुष्कळ हानि होईपर्यंत रोग्यास कांहीं दुखत नाहीं कीं खुपत नाहीं.

करोनाच्या तीव्र आजारांत प्राणवायूची उणीव, घसरलेला रक्तदाब व सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील गुठळ्या यांमुळें ह्या गाळण्यांस इजा पोंचते. झियाद अल-अली व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२१ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजाराचे पहिले ३० दिवस पार केलेल्या ८९,२१६ जणांची तुलना त्यांनीं सोळा लक्षांहून अधिक इतरांशीं केली. मूत्रपिंडांची शक्ति घटण्याचा धोका पहिल्या गटांत अधिक आढळला. अतिदक्षता विभागांत राहिलेल्यांस तो सर्वांत जास्त होता. परंतु घरींच बरे झालेलेहि त्यांतून सर्वस्वीं सुटले नव्हते.

कोणी म्हणेल, हे बहुतेक वयस्क पुरुष. त्यांवरून आपल्या घरच्या माणसांचें अनुमान कसें करावें? आक्षेप रास्त आहे. बरा झालेला प्रत्येक जण मूत्रपिंडाचा रोगी होतो, असें मुळींच नाहीं. परंतु मधुमेह व रक्तदाब हीं ह्या विकाराचीं मुख्य कारणें आपल्याकडे घरोघरीं ठाण मांडून बसलीं आहेत. जुन्या ओझ्यावर हें नवें ओझें पडलें असल्यास तें वेळींच कळावयास नको काय?

उपाय कठीण नाहीं. लघवींत अल्ब्युमिन जाणें हें मूत्रपिंडाच्या रोगाचें लक्षण असल्याचें लंडनच्या रिचर्ड ब्राइट ह्यांनीं १८२७ सालींच दाखवून दिलें होतें. ती तपासणी व रक्तांतील क्रिएटिनीनची तपासणी, ह्या दोन साध्या गोष्टींनीं पुष्कळ उलगडा होतो. ज्यांस करोनासाठीं रुग्णालयांत राहावें लागलें व ज्यांस मधुमेह अथवा रक्तदाब आहे, त्यांनीं वर्षांतून एकदां तरी त्या करून घ्याव्या. डॉक्टरांस न विचारतां वेदनाशामक गोळ्या घेण्याची संवयहि सोडावी.

विद्यार्थी मित्रहो, आपले आजी-आजोबा व आईवडील हें आपण होऊन करतीलच असें नाहीं. त्यांस आग्रह करणें हें आपलें काम आहे. शरीर ही ईश्वरानें आपणांपाशीं ठेवलेली ठेव आहे, आणि विश्वासू कारभारी ठेव केवळ जपत नाहीं, तर मधून मधून ती मोजूनहि पाहतो.